बाराशे शहाण्णव बेडूक आणि एक वाक्य

शेपूट पेटली तरी ज्यानं मागं वळून पाहिलं नाही, त्या मारुतीरायाचा विजय असो! — बसा, बसा. मागच्यांनी पुढं या. खांबाला टेकून बसलेल्यांनी जागे आहोत असं अधूनमधून दाखवत जा, म्हणजे मला बरं वाटतं.

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन आलोय. मोठा कोण? रोज नेमानं, न चुकता, तेच ते करणारा — का एकदम अवघडाला जाऊन धडकणारा? हं? सांगा की!

हे जाकीटवाले म्हणतात, नेम मोठा. बरोबर आहे, सकाळी सातच्या ठोक्याला देवळात असतात. या मावशी म्हणतात, धडक मोठी. मावशींच्या घरी सून नवी आलेली दिसतीय! काशिनाथ, तुझं काय मत? — हे आमचे पेटीवाले काशिनाथ. यांना मत विचारलं की हे भाता जोरात मारतात. अकरा वर्षं झाली, मला अजून कळलं नाही की तो होकार असतो का नकार.

तर ऐका. पुराणातली गोष्ट नाही, लोणंदची आहे.

लोणंदला रंगनाथराव शेडगे म्हणून गृहस्थ होते. एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक! चौतीस वर्षं काचेच्या खोलीत बसून माईकवर बोलले. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! फलटणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे!’ आवाज असा, की झोपलेला प्रवासी उठून चुकीच्या गाडीत बसायचा. पण मंडळी, माईक बंद झाला की हा माणूस मुका! घरात बोलणं म्हणजे ‘हं’, ‘बरं’ आणि ‘चहा’. बायको गेली, त्या दिवशीसुद्धा कोपऱ्यात बसून रिकाम्या वहीत गाड्यांच्या वेळा लिहीत बसले. वाईट वाटलं नव्हतं असं नाही हो. वाटलेलं तोंडापर्यंत येतच नव्हतं.

रंगनाथरावांना दोन अपत्यं. थोरली इंदू. तिची लोणंदलाच पिठाची गिरणी. धाकटा निनाद पुण्याला. तो आणि त्याची बायको केतकी, दोघं मिळून मोबाईलवरचे खेळ बनवायचे. हसू नका! तुमच्या नातवाला तुम्ही हाक मारता आणि तो ‘ओ’ देत नाही ना? ती यांचीच करणी.

तर केतकी बाळंतपणाला माहेरी, मसूरला. मुलगी झाली. रंगनाथराव पहिल्या गाडीनं मसूरला. मुलगी बघितली, एवढीशी, मूठ आवळलेली, आणि या माणसाच्या छातीत काहीतरी हललं. मनात एकच नाव आलं. भागीरथी! त्यांच्या आईचं नाव. बाप लहानपणीच गेला होता. त्या माउलीनं लोकांची दळणं जात्यावर दळून हा पोर वाढवला, शिकवला, नोकरीला लावला. त्यांना वाटलं, सगळं सांगावं. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं?

“नाव... भागीरथी. बरं.”

झालं! एवढंच! का, कशासाठी, काही नाही.

तेवढ्यात — पुर्रर्र! शिट्टी वाजली. बाळंतिणीच्या खोलीत शिट्टी! हे कोण? व्याही! जगन्नाथराव पिसाळ, शाळेत पीटीचे मास्तर, गावच्या तालमीचे वस्ताद. निवृत्त झाले, गळ्यातली शिट्टी झाली नाही. जेवायला वाढा म्हणून शिट्टी, पाणी द्या म्हणून शिट्टी.

“भागीरथी? अहो व्याहीबुवा, नाव आहे का घाट? नाव ठरलंय. रणरागिणी! रणरागिणी निनाद शेडगे! हजेरी घेतली की वर्ग उभा राहिला पाहिजे!”

मंडळी, विचार करा. अडीच किलोचं लेकरू आणि नाव रणरागिणी! पाळण्याला स्प्रिंग लावायला लागल्या असत्या.

“भागीरथी,” रंगनाथराव म्हणाले.

“रणरागिणी!” पुर्रर्र!

बाळ रडायला लागलं. खाटेवरून केतकी म्हणाली, “बाबा, आधी ती शिट्टी काढा. आणि दोघंही ऐका. आमचा नवा खेळ तयार होत आलाय. ‘सात दरवाजे’. तो दोघांनी आपापल्या फोनवर खेळायचा. जो बारशाच्या आत सातवा दरवाजा जिंकेल, त्यानं नाव सांगायचं. मला आता झोपू द्या.”

हुशार पोरगी! एका दगडात दोन आजोबा खोलीबाहेर काढले, वर खेळही फुकटात तपासून घेतला.

आता निनादनं दोघांना पडवीत बसवून खेळ शिकवला. मलाही त्या निनादनंच सांगितलाय, म्हणून तुम्हालाही समजेल! सोंगट्यांच्या पटासारखा चौकटींचा पट. आपले चार गडी. एक तलवारवाला, भैरू. एक तिरंदाज. एक ढालवाला. आणि एक वैदीण, साळूबाई, जखमांना पाला लावणारी. आपण चाल करायची, मग शत्रूनं करायची. लढाई मारली की गड्याला अनुभव मिळतो आणि तो एक पायरी वर चढतो. अशा नव्व्याण्णव पायऱ्या. सात दरवाजे, सातव्याच्या आत राजा. आणि नियम एकच — साळूबाई पडली, की डाव खलास!

निनाद म्हणाला, “अप्पा, हा खेळ सोपा झाला तर लोक जांभया देतात आणि अवघड झाला तर फोन आपटतात. ते मधलं माप आम्हाला सापडेना. तेवढं बघा.”

रंगनाथराव म्हणाले, “हं.”

लोणंदला परत आले. पहिला दरवाजा उघडला, दुसरा उघडला, आणि त्याच्या पलीकडं एक पाणथळ लागली. पाणथळीत बेडूक! गरीब जात. एक वार केला की बेडूक पालथा आणि आपल्याला चिमूटभर अनुभव. पाणथळीतून बाहेर पडून परत आत गेलं की बेडूक पुन्हा हजर!

चौतीस वर्षं वेळापत्रकावर जगलेला माणूस तो. त्याला काय वाटलं असेल? साक्षात देव भेटला! ना धोका, ना हार. नेम करायचा आणि वर चढायचं. रंगनाथरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावं? आंघोळ केली, पाट मांडला, आणि — ऐका! — जपाची माळ घेतली! एक बेडूक, एक मणी. एक बेडूक, एक मणी. एकशेआठ बेडूक झाले की मेरुमण्याला नमस्कार!

हसता काय? त्यांचा हिशेब चोख होता! रोज एकशेआठ म्हणजे बारा दिवसांत बाराशे शहाण्णव. आणि सगळे बेडूक कुणी मारायचे? भैरूनं! तलवार त्याची, हात त्याचा. तिरंदाज काठावर उभा, ढालवाला उभा, साळूबाई आपली पाल्याची टोपली घेऊन उभी. पंक्तीत एकालाच वाढत राहायचं आणि बाकीच्यांनी ताट बघायचं, तसलं.

तिकडं मसूरला काय चाललं होतं? पिसाळ वस्ताद बेडूक बघून चिडले. “बेडूक? पिसाळांच्या घरात सहा पिढ्या कुस्ती! आम्ही बेडूक मारणार? चला पुढं!” पुर्रर्र! चारही गडी कच्चे, तसेच घुसवले तिसऱ्या दरवाज्यात. धपाधप चारही आडवे. पुन्हा घुसवले. पुन्हा आडवे. तिसरा दरवाजा काही उघडेना, आणि मागं वळून चार बेडूक मारावेत तर मिशीला कमीपणा! एकसष्टाव्या वेळेला साळूबाई पडली आणि वस्तादांनी फोन जो भिरकावला — तो बाळंतिणीसाठी वळायला घेतलेल्या डिंकाच्या लाडवांच्या परातीत! विहीणबाईंनी तुपातून, खोबऱ्यातून फोन काढला, पुसला आणि म्हणाल्या, “अहो, एवढा जोर आहे तर लाडू वळा.”

बघा मंडळी! एक धडकून धडकून सपाट, दुसरा बेडकांत खूश.

पण खूश किती दिवस? आठव्या दिवशी रंगनाथरावांनी तिसऱ्या दरवाज्याकडं मोर्चा वळवला. भैरू आत गेला, एक वार, खेळ खलास. चौथ्यात दोन वार. पाचव्यात तर रंगनाथरावांना डुलकी लागली. जागे झाले, तेव्हा भैरू जिंकून उभा होता. कुणाला बरं वाटलं असतं? त्यांनाही आधी वाटलं. मग मनात आलं, हे काय! जिंकतोय, पण जीव कुठं वरखाली होत नाही. रिकाम्या गाडीला घंटी मारून सोडावं तसं वाटलं.

तसेच उठून ते इंदूच्या गिरणीवर गेले. ती जोंधळा दळत होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. त्यांनी फोन पुढं केला.

“भैरू. शहाऐंशीवी पायरी.”

“आणि साळूबाई?”

“दोन.”

 इंदूनं चिमटीत पीठ घेऊन बोटांवर चोळलं आणि म्हणाली, “अप्पा, चक्कीच्या दोन दगडांत अंतर किती ठेवायचं, त्यावर सगळं आहे बघा. फार घट्ट केले की पीठ करपतं. फार सैल ठेवले की नुसती भरड पडते. तेही एकदा बसवून भागत नाही. माल बदलला की पुन्हा कान देऊन ऐकायचं.”

“तू तुझं दळण बघ.”

तेवढ्यात वरचे दाणे संपले. इंदूनं झटकन खटका बंद केला.

“हे बघा. दाणा संपला आणि चक्की तशीच फिरली, तर दगड दगडाला खातो. आजी काय म्हणायची? रिकामं जातं फिरवू नये.”

आजी म्हटल्यावर रंगनाथरावांचं तोंड उघडलं. आता सांगावं हिला, की मला त्या नावाचं एवढं का पडलंय! उघडलं... आणि काय म्हणाले?

“बरं. चहा.”

*दाणा नाही जात्यामधे, खुंटा फिरे गरगरा*
*झोळी भरली, घरी नेली — आत दगडाचा चुरा!*

हां, काशिनाथ, एवढ्या जोरात नको, दगड आहे तो, वाघ नाही!

आला बारावा दिवस! मसूरला पिसाळांच्या घरी बारसं. रंगनाथरावांनी सकाळी एसटीत बसून बाराव्या दिवसाची माळ पुरी केली. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, केवढा भाविक माणूस! त्यानं वाकून नमस्कार केला, तेव्हा याच्या हातून दोन बेडूक पडले. बाराशे शहाण्णव पूर्ण! भैरू नव्व्याण्णवाव्या पायरीवर. शेवटचा दरवाजा तेवढा उरला.

माजघरात पाळणा सजला. घुगऱ्या शिजल्या. बायका जमल्या. आणि पडवीत दोन व्याही पाठीला पाठ लावून, फोनात नाक खुपसून. एकाच्या फोनला अजून तुपाचा वास!

रंगनाथरावांनी सातवा दरवाजा उघडला.  समोर राजा, भोवती तीस शिपाई. भैरू गेला आत. सपासप! पाच पडले, दहा पडले, पंधरा पडले. रंगनाथरावांच्या डोळ्यांपुढं आई दिसायला लागली. आता नाव मिळणार!

आणि एक शिपाई — एकच, लुकडा, मंडळी! — भैरूला लांबून वळसा घालून मागं गेला. मागं कोण? साळूबाई! बारा दिवसांत जिनं एक बेडूक मारला नाही, ती साळूबाई. तिरंदाजाचा बाण दोन पावलांवर पडला. ढालवाल्याची ढाल कागदाची. शिपायानं साळूबाईला एक चापट मारली. तलवार नाही हो, चापट!

साळूबाई पडली. डाव खलास. भैरू बिचारा भरल्या मैदानात तलवार उपसून उभा.

पुन्हा खेळले. पुन्हा चापट. तिसऱ्यांदा खेळले. चापट! तिकडून वस्ताद ओरडले, “माझीपण पडली!” त्रेसष्टावी वेळ.

आतून हाक आली, “चला, नाव ठेवायची वेळ झाली! आत्या कुठाय?”

आत्या! अहो, बारशाला कानात नाव सांगायचा मान कुणाचा? आत्याचाच ना? आणि हे दोघे शहाणे बारा दिवस भांडले, आत्याला एका शब्दानं कुणी विचारलं? त्यांच्या लेखी आत्या म्हणजे कर्णा. आपण बोलायचं, तिनं वाजायचं!

इंदू पदर खोचून पाळण्याजवळ उभी होती. निनादनं विचारलं, “कुणी जिंकलं?”

दोघा व्याह्यांनी फोन पाठीमागं लपवले.

“मी जिंकलेय,” इंदू म्हणाली. “परवाच.”

पुर्र... शिट्टी अर्ध्यातच अडकली.

“तू? कशी?” रंगनाथरावांच्या तोंडून चौतीस वर्षांत पहिल्यांदा प्रश्न निघाला.

“निनादनं मलाही पाठवला होता खेळ. एक दळण चक्कीवर असेपर्यंत खेळायचे. आधी दरवाज्यावर जायचं, मार खायचा. कोण कमी पडलं ते बघायचं. साळूबाई कमी पडली, तर माघारी येऊन तिच्या हातानं चार बेडूक. चारच हं! मग परत दरवाजा. सातव्याला आठ वेळा हरले, अप्पा. नवव्या वेळी राजा पडला, तेव्हा मी गिरणीत एवढ्यानं ओरडले, की गिऱ्हाईक पीठ टाकून पळालं!”

बायका हसल्या. वस्ताद हसले. रंगनाथराव हसले नाहीत. नाव गेलं! बारा दिवसांचा नेम गेला, बाराशे शहाण्णव बेडूक वाया. आता पोरगी काय नाव ठेवेल ते खरं. त्यांना रडू यायला लागलं आणि ते लपवायला त्यांनी फोन वर धरला.

इंदू जवळ आली. हळूच म्हणाली, “अप्पा, आत्याचा मान माझाच आहे, खेळ असो नसो. तुम्ही म्हणाल ते नाव सांगते. पण का, ते तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर. तेराशे बेडूक मारलेत तुम्ही. एक वाक्य बोलला नाहीत.”

मंडळी, हा सातवा दरवाजा! तो मोबाईलमधला नव्हता हो! इथं भैरू नाही, तलवार नाही. पायरी किती? शून्य! रंगनाथरावांचं तोंड उघडलं, मिटलं.  पन्नास डोळे त्यांच्याकडं. पळावं तर दारात विहीणबाई लाडवांची परात घेऊन उभ्या.

आणि मग त्यांनी काय केलं माहिताय? माईकसारखी मूठ तोंडापुढं धरली, घसा खाकरला आणि —

“लक्ष द्या! कृपया सर्वांनी लक्ष द्यावे! लोणंदहून आलेले... रंगनाथ शेडगे... यांची विनंती आहे. त्यांची आई, भागीरथीबाई, हिनं सोळा वर्षं लोकांची दळणं दळली. हाताला घट्टे पडले, म्हणून ती याच्या गालाला कधी... हात लावायची नाही. पोराला टोचेल म्हणून. मनगटानं गाल पुसायची. ती गेली, तेव्हा हा... कामावर होता. फलटण गाडी लावत होता. तिला जे म्हणायचं होतं... ते राहिलं. तरी तिचं नाव... हाक मारायला... घरात असावं. धन्यवाद.”

बोलतानाचा आवाज स्टँडावरचा, पण पाणी डोळ्यांतलं. 

आणि पहिल्यांदा हुंदका कुणाचा आला? वस्तादांचा! पिसाळ व्याह्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि म्हणाले, “अहो रंगनाथराव! हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं की! मी तिथंच चीतपट झालो असतो! माझी रणरागिणी काय, ती मी... ती मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचली होती!”

इंदूनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. भागीरथी! आणि रीत माहिताय ना? आत्यानं नाव सांगितलं की सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या दिवशी पहिला धपाटा रंगनाथरावांनी घातला. गिरणीतलं पीठ उडालं पाठीतून!

रंगनाथरावांनी नातीला मांडीवर घेतलं. तिच्या गालाला हात लावला. मनगट नाही हो, आख्खा तळवा लावला. म्हणाले, “भागीरथी.” आणि पुढं ‘बरं’ म्हणाले नाहीत!

निनादनं त्याच आठवड्यात खेळ बदलला. दहा बेडूक मारले की अकरावा नुसता हसतो आणि डबक्यात उडी मारतो, अनुभव शून्य. आणि तिसऱ्या दरवाज्यावर पाटी लावली, ‘वस्ताद, चार बेडूक मारून या, कमीपणा नाही.’ मधलं माप सापडलं!

तर आता बोला, मोठा कोण? नेम का धडक? अहो, वस्ताद धडकून हरले, रंगनाथराव नेमानं हरले. जिंकली ती इंदू. दरवाज्यासाठी नेम करावा. दरवाजा टाळायला करू नये!

आता मला सांगा, तुमचा बेडूक कोणता? जाकीटवाले, तुम्ही रोज अकरा प्रदक्षिणा घालता. एकवीस घाला! पण पाठच्या भावाच्या दारावरून जाताना मान खाली असते, ती कधी वर करणार? मावशी, तुम्ही वाती वळताय. लाख झाल्या असतील. सुनेला एकदा ‘भाजी छान झालीय’ म्हणालात का? — मान वळवू नका, सून मागंच बसलीय, मला दिसतीय!

माझ्याकडं बोट दाखवताय? दाखवा. हे आख्यान मी चाळीस गावांत केलंय. कुठं हसतात, कुठं रडतात, सगळं पाठ आहे. म्हणजे मीसुद्धा काय करतोय? बेडूकच मारतोय! रोज रात्री तोच, त्याच डबक्यातला.

माझा दरवाजा? तो इथंच बसलाय, माझ्या डाव्या हाताला. अकरा वर्षं. माझा सूर जिथं जिथं पडतो ना, तिथं हा माणूस पेटी जोरात वाजवतो, म्हणजे तुम्हाला ते कळू नये. आणि मी काय करतो? भर सभेत याचीच थट्टा. आत्तासुद्धा दोनदा केली. तुम्ही हसलात, मला बरं वाटलं. लोक मला हार घालतात, तो पेटी उचलून मागल्या दारानं जातो.

काशिनाथ... अरे भाता थांबव जरा. एक मिनिट थांबव.

कृपया लक्ष द्यावे. हा माणूस नसता, तर मी बेसूर बुवा म्हणून केव्हाच घरी बसलो असतो. काशिनाथदादा, आजचा हार तुमचा. माझं चुकलं.

— पडला बुवा माझा राजा! आता आरती लावा. आणि मंडळी, आरती झाली की प्रसादाला नंतर या. आधी तुमच्या दरवाज्यावर जाऊन या. मी थांबतो, प्रसाद संपू देत नाही.